पाचारण आणि पगार

मराठी बायबलच्या भाषेत देवाने माणसाला एखाद्या कामासाठी हाक देणे याला ‘पाचारण’ म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो, आणि जगभरच्या ख्रिस्ती मिशनांनी आपल्या पाचारणाचा आधार म्हणून याच आज्ञेकडे बोट दाखवले. मराठी मुलखात ठाण मांडून बसलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशन राज्यकर्त्या इंग्रजांचे नव्हते, अमेरिकनांचे होते. १८१३ साली ते मुंबईत आले आणि १८३१ नंतर अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) रुजले. ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा इतिहास सहसा शाळा, छापखाने आणि धर्मांतरे यांच्या हिशेबात सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी एक साधा व्यवहारी प्रश्न पहिल्यापासून होता. पाचारण ऐकणाऱ्यालाही पोट असते. ते कोणी भरायचे? या प्रश्नाची उत्तरे शंभर वर्षांत अनेकदा बदलली आणि प्रत्येक उत्तराबरोबर मिशनचा चेहराही बदलला.

गोव्यात या प्रश्नाला दोनशे वर्षे आधी वेगळे उत्तर मिळाले होते. तेथे धर्मप्रसाराचा भार पोर्तुगालच्या राजाने शिरावर घेतला होता. पाद्री आणि राज्यसत्ता एकाच खजिन्यातून चालत. त्या व्यवस्थेत १५७९ साली आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी ओवीत पुराण रचण्याइतका या भाषेत मुरला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. अमेरिकनांच्या पाठीशी मात्र ना राजा होता, ना खजिना. त्यांच्या मागे होत्या न्यू इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या आणि तिथल्या बायका. बॉस्टनमध्ये १८०२ साली आठवड्याला एक सेंट बाजूला टाकणाऱ्या स्त्रियांची एक संस्था निघाली होती. पुढे अशा संस्था गावोगाव निघाल्या. घरखर्चातून वाचवलेल्या या चिल्लरीवर अमेरिकेतल्या मिशनकार्याचा पाया घातला गेला.

मिशनची जन्मकथा अमेरिकन ख्रिस्ती लोक आजही आवडीने सांगतात. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले असता वादळ आले. ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि आशियात सुवार्ता नेण्याचा विचार तिथे पक्का झाला. सॅम्युअल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. पुढे अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात या मुलांना समविचारी सोबती मिळाले. त्यांनी धर्मगुरूंच्या सभेपुढे विनंती ठेवली आणि १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स’ ही संस्था उभी राहिली. मराठी ख्रिस्ती बोलण्यात तिचे ‘अमेरिकन बोर्ड’ झाले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली: ॲडोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्याच महिन्यात दोन जहाजांनी ते कलकत्त्याकडे निघाले.

कलकत्त्यात त्यांचे स्वागत झाले ते हद्दपारीच्या हुकुमाने. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या कारणावरून रयत बिथरली तर व्यापार बुडेल, ही तिची भीती. त्यात त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले, म्हणजे हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे ठरले. मंडळी पांगली. जडसन दांपत्य आणि राइस बाप्तिस्त मताचे झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसकडे वळले. प्रवासात त्यांचे नवजात मूल दगावले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएलही गेली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी. तिने एकाही माणसाला उपदेश केला नव्हता. तरी तिचे चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले, आणि पुढे परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींनी आपल्या पाचारणाचा उगम त्या पुस्तकात सांगितला.

हॉल आणि नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने मिशनला अनुकूल होता, पण कलकत्त्याचा हुकूम त्याच्या हाती होता: दोघांना इंग्लंडला रवाना करा. दोघे गुपचूप एका गलबतात बसून सिलोनकडे निघाले. कोचीनला पकडले गेले आणि मुंबईला परत आणले गेले. हॉलने गव्हर्नरला लिहिलेल्या अर्जात नियमांची हुज्जत घातली नाही. त्याने थेट सदसद्विवेकाला आवाहन केले. तोवर लंडनमध्ये पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे १८१३ मध्ये नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली होती. दोघांना राहण्याची परवानगी मिळाली. विधुर झालेला न्यूएल १८१४ मध्ये त्यांना येऊन मिळाला. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये मायदेशी परतला.

मुंबईतली पहिली वीस वर्षे मिशनच्या स्वतःच्या मोजमापाने पाहिली तर निराशेचीच होती. हॉल चौकात, देवळांच्या आवारात, जत्रेत मराठीतून बोले. लोक ऐकत, प्रश्न विचारत, कधी थट्टा करत आणि आपापल्या वाटेने जात. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उलट मिशनरीच भराभर मरत होते. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. निकोल्स आणि फ्रॉस्ट हे दोघे १८२४-२५ मध्ये. १८२६ च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकीचा कहर होता. जवळची औषधे वाटून तो परत फिरला, आणि वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्याच रोगाने त्याला गाठले. २० मार्चला तो वारला. वय एक्केचाळीस. सोबत होते ते त्याच्याबरोबर चाललेले इथलेच लोक.

या काळातला एक कागद मात्र मुंबईहून उलट दिशेला गेला आणि गाजला. हॉल आणि न्यूएल यांनी मिळून लिहिलेली, जगातल्या साठ कोटी लोकांचा मंडळीवर असलेला हक्क सांगणारी पुस्तिका १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली. किती मिशनरी लागतील, त्यांना किती खर्च येईल, ख्रिस्ती देशांतल्या कुटुंबांनी किती दिले तर तो भागेल, याचे गणित तीत मांडले होते. पाचारणाला आकडेमोडीची जोड देणारे हे लिखाण भायखळ्या-गिरगावच्या उकाड्यात झाले, याची आठवण मुंबईच्या इतिहासात कुणी फारशी ठेवलेली नाही.

उपदेशाचे पीक येत नव्हते. दरम्यान, केवळ त्याची पूर्वतयारी म्हणून काढलेल्या दोन गोष्टी फोफावल्या. पहिली छापखाना. छपाई शिकलेला होरेशियो बार्डवेल १८१६ मध्ये आला आणि १८१७ च्या मार्चमध्ये मिशनची पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. देवनागरी लिपीत मराठी छपाईची सुरुवात याआधी बंगालमध्ये श्रीरामपूरला झाली होती. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ चे. पण मराठी वाचकांच्या दारात छापखाना आला तो हा. संपूर्ण ‘नवा करार’ १८२६ मध्ये छापून झाला. टाइप सुबक नव्हता, तो सुधारण्याचे काम मिशनमध्येच वाढलेल्या टॉमस ग्रॅहमने हाती घेतले, आणि तिथून गोष्टीला अनपेक्षित वळण लागले. हा छापखाना पाहून, त्यातली कामे न्याहाळून गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या गृहस्थाने स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापले. पुढे ग्रॅहमच्या हाताखाली महिना दोन रुपयांवर टाइप घासायला आलेला जावजी दादाजी नावाचा पोरगा ओतकाम शिकला; त्याने १८६४ मध्ये टाइपफाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’. मूर्तिपूजेविरुद्ध पुस्तिका छापण्यासाठी समुद्रापार आणलेल्या यंत्राच्या घराण्यातून पंचांगे निघाली, आणि पाठोपाठ काव्य-शास्त्र-पुराणांच्या त्या देखण्या आवृत्त्याही, ज्यांच्यावर संस्कृत पंडितांच्या दोन पिढ्या पोसल्या. दोन रुपये पगाराचा एवढा परतावा अमेरिकन बोर्डाच्या कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाही.

दुसरी गोष्ट शाळा. मिशनने मुंबईत शाळा काढल्या त्या पगारी पंतोजी नेमून. हे पंतोजी बहुधा ब्राह्मण असत. मिशनरींची पुस्तके ते शिकवत, संध्याकाळी आपली संध्या करत आणि महिनाअखेर पगार घेत. यात कुणालाच विसंगती वाटत नव्हती, निदान सुरुवातीला. बेने इस्राएल या यहुदी समाजाने या शाळांचा सर्वांत चतुर उपयोग केला. त्यांची मुले शिकली, त्यांच्यातून शिक्षक निघाले. जुन्या करारातल्या आपल्याच पूर्वजांच्या कथा मराठीत वाचून त्यांचे यहुदीपण अधिक घट्ट झाले. ख्रिस्ती जवळजवळ कुणी झाले नाही.

१८२४ मध्ये मिशनने मुलींसाठी मुंबईत शाळा उघडली. तोवर या शहरात मुलींना शाळेत धाडण्याची रीत नव्हती. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार आली. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. मिशनऱ्याची बायको म्हणून येणे वेगळे आणि स्वतःच्या पाचारणावर, स्वतःच्या नावाने येणे वेगळे. फॅरारबाईंनी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये त्या तिथेच वारल्या. जोतीराव फुले आपल्या मित्रासह नगरला गेले असता त्यांनी या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षण फॅरारबाईंच्या हाताखाली झाल्याचे फुलेचरित्रांत नोंदलेले आहे. पस्तीस वर्षांच्या कामात फॅरारबाईंच्या विद्यार्थिनींपैकी किती ख्रिस्ती झाल्या हा प्रश्न बोर्डाला महत्त्वाचा वाटे. मराठी समाजाला ज्या शाळेने हलवले ती मात्र पुण्यातली, दुसऱ्याच कुणाची होती.

अहमदनगरचे ठाणे २० डिसेंबर १८३१ रोजी सुरू झाले. हवा कोरडी, मुंबईपेक्षा निरोगी, पूर्वीची निजामशाही राजधानी, चहूकडे खेडी. ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वे यांच्याबरोबर एक चौथा माणूस होता, बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. बोर्डाच्या कागदांत तो ‘मदतनीस’ ठरतो. नगरच्या लोकांशी बोलणे जमले ते मात्र मुख्यतः त्याच्यामुळे. शहरात लंगडे, आंधळे आणि महारोगी यांच्यासाठी एक आश्रयगृह होते. पहिली मंडळी जमली तीत तिथल्या माणसांचा भरणा होता. हार्वे काही महिन्यांतच पटकीने गेला, बाबाजी १८३३ मध्ये. रीडने नंतर अमेरिकेत त्याचे चरित्र लिहून छापले. म्हणजे बाबाजीही हॅरिएट न्यूएलप्रमाणे मेल्यानंतर पुस्तक होऊन इतरांना हाक देऊ लागला.

१८३९ मध्ये हरिपंत खिस्ते यांचा बाप्तिस्मा झाला, रामकृष्णपंत मोडक आले. हेन्री बॅलंटाइन हा मिशनरी त्या काळातला कर्ता पुरुष. १८४२ च्या जूनमध्ये त्याने नगरहून ‘ज्ञानोदय’ मासिक सुरू केले. धर्मचर्चेबरोबर भूगोल, खगोल, देशोदेशीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे असा त्याचा थाट होता. काही वर्षांत ते मुंबईला हलले. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध याच ‘ज्ञानोदया’ने दोन अंकांत छापला. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. तिच्या निबंधातला रोख तर धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नाकारणाऱ्या धर्मव्यवस्थेवर होता. त्या काळात हा निबंध दुसऱ्या कुठल्या मराठी पत्राने छापला असता का, याची शंकाच आहे.

खेड्यांत मिशनला दार उघडले ते महारवाड्यांनी. बॅलंटाइनच्या काळापासून नगर आणि नेवाशाच्या बाजूच्या गावांतून महार कुटुंबे येऊ लागली, मांग नंतर. कारणे सरमिसळ होती. कबीरपंथी वा अन्य गुरूंच्या मागे फिरून काही शोधणारे त्यांत होते. मुलांना अक्षर यावे म्हणून आलेले होते. गावकीच्या जाचाला वैतागलेले होते. पण ख्रिस्ती झाले म्हणून वतनाची कामे सुटत नसत. मेलेले ढोर ओढायला नकार दिला की गाव बलुते बंद करी, विहिरीची वाट अडे. मग तक्रार घेऊन माणसे साहेबाच्या बंगल्यावर येत. मिशनरी अर्ज लिहून देई, आणि शुभवर्तमानाच्या प्रचारकाचा गावच्या नजरेत सरकारदरबारी वजन असलेला साहेब होई. मंडळीच्या आतही जात दाराबाहेर राहिली नाही. ब्राह्मण, महार आणि मांग यांना एका पंगतीला बसवण्यात पुढाऱ्यांची हयात गेली.

या खेड्यांमधला खरा मिशनरी होता ‘मास्तर’. दिवसा महारवाड्यात शाळा, रात्री प्रार्थना, रविवारी उपासना, अधूनमधून भांडणतंटे मिटवणे. त्याच्या जोडीला बायबलबाई: घरोघर फिरून बायकांना वाचायला शिकवणारी, गोष्ट सांगणारी, अडलेल्या बाळंतिणीपाशी बसणारी. दोघांचे पगार मिशनकडून येत आणि मिशनचे पैसे बॉस्टनहून. अमेरिकेत मंदी आली, वर्गणी आटली की नगर जिल्ह्यातल्या शाळा बंद पडत. पाचारण ऐकलेला मास्तर नोकरही होता, आणि गोऱ्या सहकाऱ्याच्या तुलनेत फार कमी पगाराचा.

ही गाठ सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न बोर्डानेच केला, आणि तो फारच कडक होता. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये सहकाऱ्यासह हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: मिशनचे काम मंडळ्या स्थापणे, संस्कृती पसरवणे नव्हे, आणि मंडळी स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च भागवणारी आणि स्वतः प्रसार करणारी हवी. इंग्रजी शिक्षणावर पैसा घालणे त्यांना मान्य नव्हते. इंग्रजी शिकलेली मुले सरकारी कचेरीत जातात, मंडळीच्या उपयोगी पडत नाहीत. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली, शिक्षणावरचा खर्च छाटला गेला. मुंबई-नगरच्या अनेक मिशनरींना हे पटले नाही, आणि नंतरच्या काळाने त्यांची बाजू खरी ठरवली. काही दशकांनी शाळा पुन्हा उघडाव्या लागल्या. पण याच भेटीच्या वेळी, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मदतनीस म्हणवली जाणारी माणसे आता मंडळीची अधिकृत पाळक झाली. अँडरसनचे शाळांबद्दलचे मत चुकले, माणसांबद्दलचे चुकले नाही.

पगाराच्या प्रश्नाला सर्वांत टोकाचे उत्तर दिले ते मात्र बोर्डाच्या धोरणाने नव्हे, एका विक्षिप्त वाटणाऱ्या माणसाने. जॉर्ज बोवेन न्यूयॉर्कचा, तरुणपणी नास्तिक. त्याची वाग्दत्त वधू मृत्युशय्येवर आपले बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली, आणि काही काळाने तो श्रद्धावान झाला. १८४८ च्या जानेवारीत तो मुंबईत आला. आल्यावर वर्षभरातच त्याला मिशनचा पगार खुपू लागला: ज्यांना उपदेश करायचा ते ज्या वस्तीत, ज्या अन्नावर जगतात त्याहून सुखात राहून कसे बोलायचे? १८४९ मध्ये त्याने पगार सोडला. देशी लोकांच्या वस्तीत एका साध्या खोलीत तो राहू लागला. शिकवण्या करून पोट भरायचा. रोज रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर मराठीतून बोलायचा. पुढे ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र त्याने आयुष्यभर चालवले. चाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. १८८८ च्या फेब्रुवारीत मुंबईतच वारला. त्याच्यामुळे ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य म्हणावी अशी. त्याचे मिशनरी सहकारी त्याचा आदर करत आणि त्याचे अनुकरण टाळत.

बोवेनला त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी भेटला तो १८५७ च्या जानेवारीत, मुंबईच्या समुद्रकिनारी. विष्णुबुवा ब्रह्मचारी हे भगव्या वस्त्रातले वेदोक्त धर्माचे प्रवक्ते, मूळचे शिरवलीचे विष्णु भिकाजी गोखले. मे महिन्यापर्यंत वाळूवर हजारोंच्या गर्दीत हे वाद रंगले. बोवेनने त्यांचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी छापला; बुवांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये निघाला. दोन्ही वाचले तर दोघेही जिंकलेले दिसतात. एका संन्याशासमोर पगार सोडलेला पाद्री उभा राहिला, म्हणून ‘पगारी प्रचारक’ हा नेहमीचा टोमणा त्या किनाऱ्यावर निदान बोवेनच्या बाबतीत मारता येत नव्हता.

खेड्यातल्या मिशनचा चेहरा सॅम्युअल फेअरबँकने घडवला. १८४६ मध्ये आलेला हा माणूस नेवाशाजवळच्या वडाळ्याला बसला. त्याने मराठी गीते रचली, लोखंडी नांगर आणून दाखवला, पीकपाण्याची चर्चा केली आणि उरलेल्या वेळात पक्षी व गोगलगायी जमवल्या. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हे त्याचे नाव अजून आहे. आज ‘वडाळा मिशन’ हे नाव नगर-औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरच्या प्रत्येक एसटीवाल्याला ठाऊक असते, ते याच ठाण्यामुळे. इकडे नगरात कृष्णराव सांगळे यांनी टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तन उभे केले. इंग्रजी चालीवर ओढून बसवलेली भाषांतरित गीते ऐकून कंटाळलेल्या मंडळीला पूर्वरंग-उत्तररंगाची ओळखीची वाट मिळाली. आणि गावच्या जत्रेत, जिथे पाद्र्याचे भाषण कुणी ऐकून घेत नसे, तिथे कीर्तनाला माणसे बसून राहू लागली.

१८७६-७८ च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. मिशनच्या बंगल्यांवर धान्य आणि काम मिळे, आणि दुष्काळ सरल्यावर बाप्तिस्म्यांची संख्या एकदम वाढली. ‘पोटासाठी बाटले’ हा आरोप तेव्हापासूनचा, आणि तो सरसकट खोटाही नाही. पण दुष्काळात मदत न मिळालेल्या गावांतूनही लोक आले, आणि मदत घेतलेले बरेच आलेच नाहीत. मुळात जे पोट गावाने सहा महिने उपाशी ठेवले, त्याचा हिशेब मदत करणाऱ्याकडे मागणे हा थोडा सोयीचा न्याय होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने अनाथ मुलांची वसतिगृहे भरली. त्याच काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळग्रस्त मुलींसाठी ‘मुक्ती’ उभी केली. मुंबईत जन्मलेला, नगरचा मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम याला दुष्काळातल्या कामाबद्दल १९०१ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. अनाथ मुलांना निव्वळ पोसून भागत नव्हते, म्हणून सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे शिकवणारी उद्योगशाळा वाढली, डी. सी. चर्चिल या अभियंत्याने तिथे सुधारित हातमाग घडवला. मिशनऱ्यांच्याच घरात नगरला वाढलेल्या डॉ. ज्युलिया बिसेल १८९४ मध्ये परतल्या आणि बायकांसाठी दवाखाना सुरू झाला. त्यातूनच उभे राहिलेले रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि ‘इव्हँजेलिन बूथ’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट होता. पाळक तुकाराम नथोजी यांनी तो दिला. टिळक नगरला मिशनच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकवू लागले, राहुरीला राहिले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग पाहू लागले. मिशनचा पगार त्यांच्या हाती येई आणि वाटेतच संपे. कुणा गरजूला, कुणा विद्यार्थ्याला, पुस्तकांना, कधी बाजारात दिसलेल्या नको त्या वस्तूला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा संसार जसा दिसतो तसा कुठल्या मिशनच्या अहवालात दिसत नाही. नवऱ्याचे पाचारण आणि घरची पिठाची डबी यांच्यामधली ओढाताण त्या हसत सांगतात, पण मोजून सांगतात. बालकवी ठोंबरे याच घरात राहून गेले.

टिळकांच्या अभंगांनी मराठी उपासनेला तुकारामांची वाट दिली. त्यांच्या मनातली अस्वस्थता मात्र बोवेनसारखीच होती. मिशनच्या पगारावर जगणारा माणूस आपल्या देशबांधवांपुढे ख्रिस्त कसा ठेवणार? आणि ख्रिस्ताकडे येणाऱ्याला पाश्चात्त्य पंथाच्या दारातूनच का यावे लागावे? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे भक्त बसू शकतील, अशी त्यांची कल्पना. सातारा हे त्याचे केंद्र. पण हाती वेळ थोडा होता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. बोवेनचा संन्यास परक्याचा होता, आपले पगारी सुख सोडून खाली उतरणाऱ्याचा. टिळकांचा होता तो पगार देणाऱ्यापासून मोकळे होऊ पाहणाऱ्याचा. बाहेरून सारखे दिसले तरी या दोन त्यागांची दिशा उलट आहे.

त्यानंतरची पन्नास वर्षे मिशन हळूहळू मागे सरण्याची आहेत. शाळा, वसतिगृहे आणि जमिनी यांचा कारभार एकेक करून मराठी हातांत आला. नगरचे मिशन हायस्कूल, क्लेरा ब्रूस मुलींची शाळा, वाई आणि सोलापूरची कामे इथल्याच लोकांनी चालवली. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. जिल्ह्यातले ते पहिले महाविद्यालय. अँडरसनने नव्वद वर्षांपूर्वी ज्या इंग्रजी शिक्षणावर कात्री चालवली होती, ते पुन्हा सुरू करणारा हा मंडळीतलाच, मराठी माणूस होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या तीत सामावल्या. ‘ज्ञानोदय’ त्यानंतरही निघत राहिला.